चष्मा, चहाचं खोकं आणि पत्रकांचा पडदा

मी आयुष्यात वाचलेला पहिला शब्द ‘निषेध’. बाकीची मुलं अ अननसाचा शिकली, मी अ अन्यायाचा शिकले. त्याला कारण आमचं घर. वडगावातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पायाने चालवायचं छपाईयंत्र होतं. त्यावर पोटासाठी लग्नपत्रिका आणि मनासाठी पत्रकं छापली जात. पत्रकं बहुतेक वेळा फुकट, कधी कागदाच्या किमतीत. जो कोणी कुठल्याही अन्यायाची तक्रार घेऊन येई त्याला आप्पा आधी चहा देत आणि मग मथळा सुचवत. उरलेली पत्रकं घरभर. फडताळात भांड्यांखाली पत्रक, शाळेत नेलेल्या भाकरीला पत्रक, शेंगदाण्याच्या चटणीच्या पुडीला पत्रक. आई चूल पेटवताना ‘जाहीर सभा’ आधी जाळायची, कारण तो कागद पातळ. मी जरा मोठी झाल्यावर बोलायलाही तसंच लागले. आमटीत मीठ कमी पडलं की मी ‘या प्रकाराबद्दल तीव्र नापसंती’ व्यक्त करी आणि आई म्हणे, “व्यक्त झाली न्हवं? आता गिळ.”

आणखी एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. छापायचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, उलटे असतात. त्यावरची अक्षरं आरशात दिसावी तशी. आम्ही पोरी खिळ्यांच्या पेट्यांशेजारी रांगत वाढलो, त्यामुळे आम्हाला उलटं वाचणं आधी यायला लागलं आणि सरळ वाचणं नंतर. पहिलीत बाईंनी फळ्यावर ‘क’ काढला तेव्हा बाई चुकल्या असं मी वर्गात उभं राहून सांगितलं होतं. आमच्या घरात उलटी अक्षरं म्हणजे भिंतीवरची पाल. असते. कोण बघतंय?

मागच्या खोलीत आक्काचा हातमाग. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण कमळा, लग्नानंतर वर्षभरातच सासर सोडून आली होती. का, ते तिने सांगितलं नाही आणि आप्पांनी विचारू दिलं नाही. आल्या दुपारी तिने ट्रंक कोपऱ्यात ठेवली, मागाच्या खड्ड्यात पाय सोडले आणि धोटा हातात घेतला. तेव्हापासून माग वाजत असला की तिला कुणी काही विचारत नसे. शेजारणी यायच्या, “जावई न्हाय आले?” म्हणून तोंड उघडायच्या आणि खटाक् खटाक् असा आवाज वाढला की हळदीकुंकू घेऊन निघून जायच्या. तो माग म्हणजे तिचा उंबरठा होता. पुढच्या खोलीत यंत्र आणि मागच्या खोलीत माग एकदम चालू झाले की दोन तापट माणसं एकमेकांचं न ऐकता बोलतायत असं वाटे, आणि अशा गोंगाटात मला गाढ झोप लागे. आजही शांत घरात मला झोप येत नाही. पोरं पंखा लावून देतात, पण त्याचा काय आवाज!

त्या वर्षी सूत देणाऱ्या व्यापाऱ्याने निरोप धाडला की दिवाळीनंतर सूत फक्त यंत्रमागांनाच मिळेल. सूत त्याचं, विणकाम आक्काचं, साडी पुन्हा त्याची, असा तो व्यवहार. आईने लगेच माग काढून तिथे धान्याची पिंपं ठेवायचा विचार बोलून दाखवला, आणि त्याच दमात गोकाककडच्या एका बिजवराचाही. त्या दिवशी आक्काने विणलेल्या वीतभर कापडाची वीण इतकी घट्ट बसली की तिला ते उसवावं लागलं.

वाट निघाली ती निपाणीतून. तिथल्या एका कापडदुकानाचे मालक तात्या आप्पांकडे दिवाळीच्या जाहिराती छापायला आले. त्यांनी मागावरची साडी पाहिली, दोन बोटांत काठ चोळून बघितला आणि म्हणाले, “असल्या साड्या आमच्या गिऱ्हाइकांस्नी चालतील. सुताचं मी बघतो. पण मी एकट्यानं ठरवत न्हाय. गिऱ्हाईक बायकांनी बघून हो म्हणाया पायजे. नमुने धाडा.” नमुने धाडायचे कसे? साडी मागावरून उतरली की व्यापाऱ्याच्या घरी गेली पाहिजे. तेव्हा आप्पा म्हणाले, “मग फोटो धाडू.” आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला फोटोतलं काहीही येत नव्हतं. पण मी नुकतंच ‘छायाचित्र: सत्य की फसवणूक?’ नावाचं चार पानी पत्रक लिहिलं होतं, आणि आमच्या घरी एखाद्या विषयावर पत्रक लिहिलं म्हणजे तो विषय येतो असं धरलं जाई.

आधी मी खडेबाजारातल्या बाबू फोटोवाल्याकडे गेले. त्यांनी कानडी आदराचं ‘री’ लावत प्रेमाने सल्ला दिला. “साड्या स्टुडिओत आणा री. मागं ताजमहालाचा पडदा, बाजूला फुलदाणी, वरनं दोन मोठे लाइट. साडी अशी उठंल, की बस.”

“आमच्या वडगावात ताजमहाल नाही,” मी म्हणाले. “वडगावच्या साडीमागे ताजमहाल दाखवणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.”

“माझ्या खडेबाजारात तरी कुठं हाय री? तरी लोक रोज त्याच्यापुढं उभं ऱ्हात्यात.”

मी तत्त्वासाठी तिथून बाहेर पडले. बाबूंनी मागून ओरडून सांगितलं, “काढा तुम्हीच, धुवायला तरी माझ्याकडंच आणा!”

वाचनालयात फोटोग्राफीवरचं एक जीर्ण पुस्तक मिळालं. त्यात वस्तूंचे फोटो काढायला काय काय लागतं ते दिलं होतं: चांगला कॅमेरा, तिपाई, दिवे, उजेड परतवायला चकचकीत पडदा, जवळून काढायचं भिंग, मागे लावायला स्वच्छ मोठा कागद. मी ते घरी मोठ्याने वाचलं. आईने भाकरी थापता थापता विचारलं, “आणि घर इकायचं कुटल्या पानावर लिवलंय?”

पण मला त्या पुस्तकातच एक ओळ सापडली होती, की सुरुवात करणाऱ्याने पैसा कॅमेऱ्यावर कमी आणि डोकं उजेडावर जास्त खर्च करावं. ही ओळ मला क्रांतिकारक वाटली. मी ती वहीत उतरवली आणि खाली स्वतःची सही केली.

कॅमेरा लष्कराच्या कॅम्पातून आणला. एका सुभेदारांची बदली झाली होती आणि त्यांच्या बायकोने घरातलं सामान व्हरांड्यात विकायला मांडलं होतं. कुकर, पाळणा, दोन खुर्च्या आणि एक काळा डबा. डब्याच्या एका बाजूला भिंग, वर बघायची काच, आणि दाबायला एक खटका. मी त्या बाईंना हिंदीत गंभीरपणे विचारलं, की हा कॅमेरा कधी लढाईच्या कामी आलाय का, कारण तसं असेल तर मला घेता येणार नाही. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, “बेटी, इससे सिर्फ़ बच्चों के जन्मदिन खींचे हैं. वैसे वो भी लड़ाई ही थी.” आप्पांचा महिन्याचा शाईचा खर्च जाईल एवढ्यात तो मिळाला. बरोबर पाळण्याची चादर फुकट.

बाकीचं घरातूनच उभं राहिलं. तिपाई म्हणून खिळे जुळवायचं उंच स्टूल, त्यावर वाळू भरलेली पिशवी, आणि पिशवीवर कॅमेरा घट्ट बसवलेला. वाण्याकडून चहाचं रिकामं खोकं मागून आणलं. त्याच्या आतला चंदेरी कागद सोलून पाटावर चिकटवला की दारातलं ऊन साडीवर फेकता येई. काठाचे फोटो जवळून काढायचे तर आमच्या डब्याला जवळचं दिसत नव्हतं. मग आप्पांच्या वाचायच्या चष्म्याची एक काच काढून ती मेणाने कॅमेऱ्याच्या डोळ्यावर बसवली. आप्पांनी ती मोठ्या मनाने दिली. दिवसभर ते एका काचेचा चष्मा घालून, एक डोळा मिटून काम करत होते. त्या दिवशी त्यांनी छापलेल्या एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या जागी मुलीच्या मामाचं नाव पडलं. मामा आनंदात होता असं नंतर कळलं. रंगीत रोल परवडणारा नव्हता. काळ्यापांढऱ्यात हिरवी आणि लाल साडी एकसारखीच राखाडी येणार, हे लक्षात आल्यावर मी हताश झाले. आक्का म्हणाली, “दोरा द्यायचा की जोडीला. फोटोत काठ बघा, दोऱ्यात रंग बघा.” आणि तिने प्रत्येक साडीच्या सुताची छोटी गुंडी करून रुमालात बांधली.

राहिला मागचा कागद. पुस्तकात स्वच्छ, मोठा आणि एकरंगी म्हटलं होतं. तेवढा मोठा कागद बाजारात महाग. घरात मात्र माझ्या पहिल्या पत्रकाचा अख्खा गठ्ठा पडून होता. निपाणीच्या विडी कामगार बायकांच्या मजुरीसाठी मी ते लिहिलं होतं आणि आप्पांनी सगळ्यात मोठी लाकडी अक्षरं काढून वर मथळा दिला होता: ‘मालकांनो, लाज बाळगा!’ पण शाई वाळायच्या आधीच मालकांनी मागणी मान्य केली. माझं पत्रक न वाचताच त्यांना लाज वाटावी, हे मला कितीतरी दिवस सहन झालं नव्हतं. पत्रकाची एक बाजू कोरी होती. आक्काने सुताला लावायची खळ शिजवली, आम्ही दोघींनी कोरी बाजू पुढे ठेवून पत्रकं एकमेकांना चिकटवली आणि भिंतीएवढा पडदा केला. काही वाया गेलं नाही याचा मला केवढा अभिमान!

फोटो आधी अंगणात काढून बघितले. वाऱ्याने साडी उडाली, पडद्यावर कोंबडी चढली. मग पुढच्या खोलीत खिडकीवर दोरी बांधून पडदा सोडला. दारातलं ऊन चहाच्या कागदावरून साडीवर, खिडकीतला उजेड मागून. मागून थोडा उजेड आला की वस्तू उठून दिसते असं पुस्तकात होतंच. साडी नेसून उभं कोण राहणार यावर वाद झाला. सासर सोडून आलेल्या मुलीचा फोटो निपाणीच्या बाजारात, हे आईला पटेना. आक्का म्हणाली, “मी पाठमोरी उभी ऱ्हाते. पदर दिसूदे, तोंड कशाला?” मग ती कॅमेऱ्याकडे पाठ आणि पडद्याकडे तोंड करून, एकेक साडी बदलून, दुपारभर उभी राहिली. ऊन कलून पलीकडच्या बाजूला आलं. खिडकीवरचा पातळ कागद कंदिलासारखा उजळला.

“शाले,” आक्का पडद्याकडे बघत म्हणाली.

“हलू नको.”

“अगं, ‘बाळगा’तला ‘ळ’ लई झिजलाय गं.”

“लाकडी टाइप आहे आक्का. जुना आहे. हलू नको म्हटलं ना.”

“आप्पा, ‘ळ’ झिजलाय बरं का,” तिने ओरडून सांगितलं.

“व्हय, व्हय. बदलतो,” आप्पा एक डोळा मिटून म्हणाले.

आई आली, पडद्याकडे बघून ‘ळ’ झिजलाय खरा असं म्हणाली, आणि आम्हाला तिखटमीठ लावलेले चुरमुरे देऊन गेली. चार माणसं त्या अक्षरांकडे बघत होती. चौघांनी ती वाचली. पलीकडच्या बाजूची अक्षरं अलीकडे दिसतायत, म्हणजे ती कॅमेऱ्यालाही दिसतील, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. उलटी अक्षरं. पाल. कोण बघतंय?

रोल बाबूंकडे दिला. फोटो मिळायच्या दिवशीच तात्यांनी निपाणीला बोलावलं होतं, आणि बाबूंचं दुकान उघडायला उशीर झाला. आम्ही धापा टाकत पाकीट घेतलं तेव्हा ते खुशीत होते. “झकास आलंय री. एक चूक झालती तुमची. ती मी दुरुस्त केली. त्याचं वेगळं काय घेतलं न्हाय.” कसली चूक ते विचारायला वेळ नव्हता. एसटीत मी पाकीट उघडायला गेले, तर शेजारचा माणूस तेलकट भजी खात होता. आक्काने पाकीट माझ्या हातातून काढून छातीशी धरलं. “तात्यांच्या गादीवरच उघडायचं,” ती म्हणाली. सबंध रस्ताभर ती काहीतरी पुटपुटत होती. मी कान दिला तर ती साड्यांचे भाव पाठ करत होती.

निपाणीच्या त्या दुकानात तंबाखूचा वास होता. विड्यांच्या वखारीतून काम संपवून आलेल्या चार बायका लुगडी बघत बसल्या होत्या, त्यांची बोटं पानांनी तपकिरी झालेली. तात्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि पाकीट उघडून फोटो गादीवर पसरले.

आधी आक्का बोलली. “शाले, माझा पदर उजव्या खांद्यावर कसा गं?”

मग मी पाहिलं. आक्काच्या डोक्यावर, दोन्ही खांद्यांच्या बाजूला, पदराच्या टोकाशी, जिथे जिथे कागद दिसत होता तिथे तिथे, ठसठशीत, सरळ आणि शुद्ध. बाबूंना अक्षरं उलटी दिसली होती. त्यांनी छापताना निगेटिव्ह पालटून ती सुलट केली होती, आणि अक्षरांबरोबर आक्कालाही.

तात्यांनी चष्मा सावरून मोठ्याने वाचलं. “मालकांनो... लाज बाळगा.” दुसरा फोटो उचलला. “मालकांनो, लाज बाळगा.” तिसरा न वाचता खाली ठेवला. “हे कुणाला म्हणायचं?”

खरं तर इथे माफी मागायची. आक्काच्या रुमालातल्या गुंड्या तिच्या मुठीत दाबल्या जात होत्या, तिचा माग, तिचा कोपरा, सगळं त्या गादीवर पडलं होतं. पण मी निषेधावर वाढलेली. “ज्यांना लागू आहे त्यांना,” मी म्हणाले.

“मी या दुकानाचा मालक हाय.”

“मग तुम्हालाही थोडं.”

आक्काने माझ्या पायावर तिचा पाय दिला. मागावर चालणारा पाय होता तो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पश्चात्तापाचं असावं असं तात्यांना वाटलं असणार.

“काय लिवलंय वो तात्या?” बसलेल्या बायकांतली एक पुढे सरकली. तिला बाकीच्या हौसाक्का म्हणत होत्या.

“काय न्हाय.”

“न्हाय कसं? आत्ता तर वाचलासा. परत वाचा.”

तात्यांनी बारीक आवाजात वाचलं. हौसाक्काने पदर तोंडाला लावला आणि ती हसायला लागली. तिचं हसू खोकल्यासारखं बाहेर आलं आणि मग चौघींत पसरलं. “अगं बया! साडी बोलती की गं ही!” तिने फोटो हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. मला वाटलं ती अक्षरं शोधतेय. पण तिचं बोट काठावर फिरत होतं. “काठाला रुईफूल हाय न्हवं? रंग कंचा?”

आक्काने मूठ उघडली. हिरवी गुंडी काढून फोटोशेजारी ठेवली. हौसाक्काने दोरा ओढून बघितला, दाताखाली धरला, तोडून पाहिला. तुटेना. “मला ही पायजे,” ती तात्यांना म्हणाली. “आणि फोटू हितं काचंला लावा.”

“काय बोलतासा हौसाक्का! वखारवाल्यांच्या बायकाबी येत्यात दुकानात.”

“येऊ द्यात की. वाचतील, घरात जाऊन सांगतील. मजुरीचं झालं, बाकीचं आमी सांगून दमलो.”

तात्यांनी कपाळ पुसलं. त्यांच्या चेहऱ्यावर दोन्ही गिऱ्हाइकं एकमेकांशी भांडताना दिसत होती. शेवटी ते आक्काकडे वळले. माझ्याकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही. “साड्या मी घेतो. सूत पुढच्या बाजाराला धाडतो. पण ह्या तुमच्या भैनीला परत हितं आणायची न्हाय.”

“आणत न्हाय,” आक्का इतक्या पटकन म्हणाली की मला अजूनही ते लागतं.

फोटो त्यांनी काचेला लावला नाही. गादीमागे, हिशेबाला बसतात तिथे, खाली एका खिळ्याला अडकवला. जमिनीवर बसणाऱ्या बायकांना तो दिसे, उभ्या राहणाऱ्यांना दिसत नसे. व्यापारी माणूस शेवटी असा मार्ग काढतो.

परवा माझ्या नातीने मोबाइलवर एका साडीचा फोटो काढला, बोट फिरवलं, आणि मागची भिंत, खिडकी, दोरी, सगळं नाहीसं झालं. नुसती साडी, मागे पांढरं. “किती स्वच्छ ना आज्जी?” म्हणाली. मी हो म्हणाले. पण मला ती साडी कुणाच्याच घरची वाटेना.

त्या दिवशी परतीच्या गाडीत आक्का खिडकीशी बसली होती. स्टँडवर घेतलेली मिरचीभजी आमच्यामध्ये होती, कुठल्यातरी पत्रकात गुंडाळलेली, आमच्या नव्हे. माझा पाय सुजला होता. आक्काची बोटं मांडीवर मागाचा ठेका धरत होती. मला अपराधी वाटत होतं आणि थोडा अभिमानही, आणि दोन्ही लपवायला मी बाहेर बघत होते. मग तिने भजं मोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

“पुढच्या खेपेला मी कोरा कागद विकत आणते,” मी म्हणाले.

“कोरा कशाला?” आक्का म्हणाली. “आप्पास्नी सांगून तो ‘ळ’ तेवढा बदलून घे. बाजारात जायाचं म्हंजी नीट दिसाया पायजे.”